दुर्धर रोग आणि डोळस आशा



ह्या व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्‌मय, अर्थकारण, अध्यात्म अशा नाना विषयांवर भाषणे होतात. त्या मालिकेत आजचा विषय जरा अडचणीचा वाटेल. ज्या अवयवाचे नाव चारचौघांत सहसा कोणी काढीत नाही, त्या अवयवाच्या कर्करोगाविषयी, आणि तोही शरीरात पसरल्यानंतरच्या अवस्थेविषयी आम्हांस बोलावयाचे आहे. विषय रोगाचा असला तरी भाषण आशेचे आहे. परंतु आशा हा शब्द आपण इतका सैल करून ठेवला आहे की, कोणत्या आशेविषयी बोलावयाचे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. 'काही होत नाही, सगळे ठीक होईल,' असे रोग्याचा हात दाबून म्हटले जाते, ती एक आशा. ती डोळे मिटून घेतलेली असते. दुसरी आशा रोग काय आहे, कोठवर गेला आहे, त्यावर आज काय करता येते आणि काय करता येत नाही, हे नीट पाहून मग पाऊल टाकते. तिला आम्ही डोळस आशा म्हणतो. पहिली आशा पहिल्याच वाईट बातमीला कोसळते, आणि दुसरी टिकते, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही डॉक्टर नाही. आमचा जन्म शाळेत मुलांना गणित शिकविण्यात गेला. ह्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग आम्हांस स्वतःस झालेला आहे. तो सापडला तेव्हाच कण्यात आणि कमरेच्या हाडांत उतरलेला होता. त्या गोष्टीस आता सातवे वर्ष लागले आहे. तो बरा झालेला नाही. होईल असे कोणी आम्हांस सांगितलेलेही नाही. तरी आज आपल्यापुढे आम्ही आपल्या पायांवर उभे आहोत, ही वस्तुस्थिती आहे. ह्या दोन गोष्टी एकदम खऱ्या कशा असू शकतात, ते उलगडून सांगणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. वीर्यात मिसळणारा एक द्रव तयार करणे हे तिचे काम. मराठी परिभाषेत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. पण दवाखान्यात सर्रास चालतो तो शब्द प्रोस्टेट, म्हणून आम्हीही तोच वापरतो. उतारवयात ही ग्रंथी बहुतेकांची थोडीफार वाढते. लघवीची धार बारीक होते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. तेव्हा येथे बसलेल्या ज्येष्ठांनी आज घरी जाऊन काळजी करीत जागू नये. मात्र तपासून घ्यावे.

कर्करोग बहुधा ह्या ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. त्यामुळे लघवीची काही तक्रार न होताच तो पुष्कळ दिवस वाढू शकतो. ग्रंथीबाहेर पडला की त्याचा ओढा असतो हाडांकडे: कणा, कमरेची हाडे, बरगड्या. उतारवयात कंबर दुखली तर त्यात नवल ते काय, असे माणसास वाटते आणि दुखणे तेलमालिशीवर निभावले जाते. २०२२ साली जगात सुमारे १४ लाख ७० हजार पुरुषांस हा रोग नव्याने झाल्याचे आढळले. भारतात हा आकडा ३८ हजारांच्या आसपास होता. ग्रंथीच्या आतच असताना तो सापडला, तर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बहुतेकांस बरा करता येतो. हाडांत पसरल्यावर तो मुळासकट काढता येत नाही. लोक ह्यालाच 'चौथी स्टेज' म्हणतात, आणि हे दोन शब्द कानी पडताच घरात सुतकी शांतता पसरते. वास्तविक प्रश्न तेथे संपत नाही, सुरू होतो.

आता १९४१ ह्या वर्षाकडे जाऊ. त्या वर्षी फेब्रुवारीच्या २८ तारखेस मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स ह्या शल्यवैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह एक संशोधन प्रसिद्ध केले. कुत्र्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा अभ्यास करता करता त्यांच्या ध्यानात आले होते की, ही ग्रंथी पुरुषी संप्रेरकावर पोसते. ते संप्रेरक आटले की ग्रंथी सुकते. मग तिच्या कर्करोगाचेही तेच होईल काय? संप्रेरकाचा मुख्य झरा म्हणजे वृषणे. ती शस्त्रक्रियेने काढून टाकल्यावर, किंवा स्त्रीसंप्रेरक दिल्यावर, हाडांच्या वेदनेने खाटेला खिळलेल्या रोग्यांच्या वेदना कमी झाल्या आणि रक्तातील रोगदर्शक द्रव्य उतरले. पसरलेला कर्करोग औषधाने मागे हटू शकतो, हे ह्यातून सिद्ध झाले. ह्या कामाबद्दल हगिन्स ह्यांस १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणजे मध्ये २५ वर्षे गेली. शास्त्राच्या आशेला असा धीर लागतो.

ह्या उपचाराचे तत्त्व आपल्या मुलखातील माणसास समजावून सांगावे लागत नाही. किल्ला हल्ल्याने पडत नसेल तर त्याला वेढा घालावा आणि रसद तोडावी, हे आपल्याकडे पोरासोरांसही ठाऊक आहे. हगिन्स ह्यांनी रसद तोडली. पण वेढा पडला की आतले लोकही स्वस्थ बसत नाहीत; ते चोरवाटा शोधतात. पुढील ८० वर्षांचा इतिहास म्हणजे एकेक चोरवाट सापडण्याचा आणि ती बंद करण्याचा इतिहास आहे.

वृषणांना हुकूम सुटतो तो मेंदूकडून. ज्या द्रव्यावाटे हा हुकूम निघतो, त्याची घडण अँड्र्यू शॅली ह्यांनी डुकरांच्या मेंदूंतून ते द्रव्य वेगळे काढून १९७१ साली उकलली. अशा संशोधनाबद्दल त्यांस आणि रॉजर गिलमन ह्यांस रोझलिन यॅलो ह्यांच्यासह १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की, तसेच द्रव्य बाहेरून एकसारखे देत राहिले तर वृषणांचे काम वाढण्याऐवजी थांबते. कोणी सारखे दार वाजवीत राहिले की घरचा माणूस शेवटी उठायचे सोडून देतो, तसाच हा प्रकार आहे. ह्यातून १९८०-९० च्या दशकात इंजेक्शने आली. पुष्कळांच्या मनास शस्त्रक्रिया लागते, त्यांस इंजेक्शनाचा पर्याय मिळाला. पण हेही सांगितले पाहिजे की शस्त्रक्रिया आजही तितकीच परिणामकारक आहे, ती एकदाच करावी लागते आणि तिचा खर्च पुष्कळच कमी येतो. ज्याने ती स्वीकारली त्याचे पुरुषत्व कमी झाले असे मानण्याचे काही कारण नाही. इंजेक्शनानेही शरीरात घडते ते तेच.

हा वेढा काही काळ उत्तम चालतो. कोणास वर्ष-दीड वर्ष, कोणास पुष्कळ अधिक. मग रोग कमी रसदीवर जगावयास शिकतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत थोडे संप्रेरक तयार होते, ते तो वापरतो. किंबहुना स्वतःच तयार करतो. ह्या अवस्थेत आयुष्य वाढविल्याचे सिद्ध झालेले पहिले रासायनिक औषध डोसिटॅक्सेल. ते २००४ साली आले. संप्रेरक तयार करणारी चोरवाटच बुजविणारी ॲबिरॅटेरोन ही गोळी लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेतून निघाली आणि २०११ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. संप्रेरक ज्या कुलपाला किल्लीसारखे लागते, ते कुलूपच अडवून धरणारी एन्झाल्युटमाइड ही गोळी २०१२ साली आली. ज्यांच्या पेशींत बीआरसीए ह्या नावाच्या जनुकांत बिघाड असतो, त्यांच्यासाठी २०२० पासून वेगळ्या गोळ्या आहेत. आणि २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला उपचार तर नवलाचा आहे. प्रोस्टेटच्या कर्कपेशींच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन असते. त्या प्रथिनाचा पत्ता शोधत जाणारा रेणू घ्यावयाचा, त्याच्या पाठीवर ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी द्रव्य बांधावयाचे आणि शिरेतून सोडून द्यावयाचे. तो पत्त्यावर पोहोचतो आणि त्याचे किरण फार तर एक-दोन मिलिमीटरपर्यंतच मारा करतात. हे ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'ध्रुव' अणुभट्टीत तयार होते, हे ऐकून आपणांस अभिमान वाटेल. अर्थात ते सर्वांस लागू पडत नाही. आधी विशेष स्कॅन करून रोगाच्या पेशींवर ते प्रथिन आहे की नाही, हे पाहावे लागते.

औषधांइतकाच महत्त्वाचा दुसरा शोध म्हणजे ती कधी द्यावयाची, हा. पूर्वी एक उपाय थकला की दुसरा, अशी रीत होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत ७९० रोगी होते. अर्ध्यांना केवळ संप्रेरक बंद करण्याचा उपचार दिला आणि अर्ध्यांना त्याच्या जोडीला आरंभीच डोसिटॅक्सेलच्या सहा फेऱ्या दिल्या. पहिल्या गटाच्या आयुष्याचा मध्यक ४४ महिने निघाला, दुसऱ्याचा ५७.६ महिने. औषध जुनेच होते. ते लवकर दिले एवढाच फरक, आणि वर्षाहून अधिक काळ पदरात पडला. पुढे २०१७ मध्ये ॲबिरॅटेरोनविषयी तसेच आढळले. २०१८ मध्ये इंग्लंडातील पाहणीने दाखविले की, रोग हाडांत थोड्याच ठिकाणी पसरला असेल तर मूळ ग्रंथीला किरणोपचार दिल्यानेही आयुष्य वाढते. म्हणून पसरलेला रोग नव्याने सापडलेल्या माणसाने डॉक्टरांस विचारावयाचा पहिला प्रश्न हा की, 'इंजेक्शनाच्या जोडीला आणखी काही देता येईल काय?'

आता आम्ही मघाशी 'मध्यक' हा शब्द वापरला, त्यापाशी थोडे थांबू. कारण तेथे आमचा जुना धंदा उपयोगी पडतो. चव्वेचाळीस महिने ऐकले की रोगी पंचांग काढून महिने मोजू लागतो. हे गणित चूक आहे. मध्यक म्हणजे सर्वांना एका रांगेत उभे केले तर मधोमध येणारा माणूस. निम्मे लोक त्याच्यापेक्षा कमी जगले, हे खरे. पण निम्मे त्याच्यापेक्षा अधिक जगले, हेही तितकेच खरे. शिवाय दोन्ही बाजूंचे अंतर सारखे नसते. अलीकडची बाजू शून्यापाशी अडते. कोणी शून्यापेक्षा कमी जगू शकत नाही. पलीकडची बाजू मात्र शेपटासारखी लांबत जाते. स्टीफन जे गूल्ड ह्या विख्यात अमेरिकन शास्त्रज्ञास १९८२ साली पोटाच्या अस्तराचा एक दुर्मिळ कर्करोग झाला. तो रोग वेगळा, पण मुद्दा हाच. ग्रंथालयात जाऊन त्यांनी पाहिले तर मध्यक होता आठ महिने. त्यांनी वर सांगितलेला विचार केला, आपले वय, उपचार, रोगाची अवस्था ह्यांचा हिशेब मांडला आणि आपण शेपटाच्या बाजूस असण्याचा संभव बराच आहे, असे ठरविले. १९८५ साली त्यांनी ह्यावर एक निबंध लिहिला. ते त्यानंतर पुष्कळ जगले आणि २००२ साली वारले, तेही दुसऱ्याच कर्करोगाने. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज छापलेला कोणताही मध्यक हा काही वर्षांपूर्वी उपचार सुरू झालेल्या लोकांचा असतो. त्यांस जी औषधे मिळाली नाहीत, ती आज मिळू शकतात. आकडा खोटा नसतो. पण तो कोणा एकाची जन्मपत्रिका नसतो.

हे सर्व ऐकून उपचार म्हणजे केवळ लाभच लाभ, असा समज होईल. तो होऊ देणे बरोबर नाही. संप्रेरक आटले की शरीर त्याची किंमत वसूल करते. अंगातून एकाएकी उष्णतेच्या लाटा उठतात आणि माघाच्या थंडीत सदरा भिजतो. आम्ही पहिल्यांदा ही तक्रार केली तेव्हा आमच्या सौभाग्यवती आणि त्यांच्या थोरल्या बहीण एकमेकींकडे पाहून हसल्या. 'आता कळले?' एवढेच त्या म्हणाल्या. ऋतुनिवृत्तीच्या काळात बायका वर्षानुवर्षे हे निमूट सोसतात, आणि घरातल्या पुरुषास त्याचा पत्ताही नसतो. लाटांखेरीज थकवा येतो. तो झोपेने जात नाही. स्नायू झडतात, पोट सुटते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मन उगाच भरून येते. पतिपत्नींमधील शरीरसंबंध बहुधा थांबतात. ह्या शेवटच्या गोष्टीविषयी कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम बोलतो. ती हानी खरी आहे. ती झाली नाही असे भासवून दोघांनी खोलीच्या दोन टोकांस तोंड फिरवून निजण्यापेक्षा, झाली आहे असे एकमेकांस सांगून शेजारी बसणे अधिक सुखाचे असते.

ह्या त्रासांवर उपाय नाहीत असे नाही. नियमित चालणे आणि जमेल तसे वजन उचलण्याचे व्यायाम ह्यांनी थकवा कमी होतो आणि स्नायू टिकतात. थकव्यावर विश्रांती हाच उपाय, असे आपल्याला वाटते. ह्या थकव्यावर उलट चालणे हाच उपाय आहे. कोणते व्यायाम करावयाचे आणि कोणते टाळावयाचे, हे मात्र हाडांची स्थिती पाहून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज पडल्यास हाडे बळकट करणारी इंजेक्शने असतात. हाड दुखू लागले तर त्या जागी किरणोपचाराची एक बैठकही पुष्कळदा पुरते. वेदना सोसणे हा पराक्रम नव्हे. ती सांगावी, कारण तिच्यावर औषधे आहेत. मॉर्फिनचे नाव ऐकून व्यसनाच्या भीतीने ते नाकारणारे लोक आम्ही पाहिले आहेत. जाणत्या डॉक्टराच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. वेदनाशमनाचे डॉक्टर शेवटच्या आठवड्यातच बोलवावयाचे असतात, हाही गैरसमज आहे. त्यांचा सल्ला आरंभापासून घ्यावा.

एक खूण मात्र प्रत्येकाने पक्की ध्यानात ठेवावी. कण्यात रोग असलेल्या माणसाचे पाय एकाएकी लुळे वाटू लागले, कमरेखाली बधिरपणा आला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर 'सकाळी पाहू' म्हणू नये. मज्जारज्जू दबत असल्याची ती खूण असते. त्याच दिवशी, त्याच रात्री रुग्णालय गाठावे. उपचार काही तासांत मिळाला तर माणूस चालता राहतो. दोन दिवस गेले तर पुष्कळदा पाय परत येत नाहीत.

मग ती रक्ताची तपासणी. पीएसए नावाचे एक प्रथिन प्रोस्टेटमध्ये तयार होते. त्याचे रक्तातील प्रमाण पाहून रोगाचा चढउतार कळतो. १९८६ पासून ही तपासणी अमेरिकेत रोगावर नजर ठेवण्यासाठी मान्य झालेली आहे. आम्ही आयुष्यभर मुलांचे निकाल लावले. आता दर तीन महिन्यांनी आमचा निकाल लागतो. तो येईपर्यंतचे दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. चार वर्षे तो आकडा खाली राहिला, मग चढू लागला. तेव्हा गोळी बंद होऊन डोसिटॅक्सेल सुरू झाले. दर तीन आठवड्यांस एक अशा सहा फेऱ्या झाल्या. केस गेले, तोंडाची चव गेली. नंतर दोन्ही परत आली, आकडाही उतरला. तो पुन्हा चढेल हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु चढला म्हणजे संपले असे नव्हे. चढला म्हणजे पुढची पायरी कोणती, हा प्रश्न विचारावयाचा. ह्या रोगाबरोबर जगणे म्हणजे असे पायरीपायरीने जगणे होय.

आता एका अवघड मुद्द्याकडे वळतो. हा मुद्दा गुप्ततेचा आहे. फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मित्तेराँ हे मे १९८१ मध्ये निवडून आले, आणि त्याच वर्षी त्यांस प्रोस्टेटचा कर्करोग होऊन तो हाडांत पसरला असल्याचे निष्पन्न झाले. आपल्या प्रकृतीचे पत्रक नियमाने प्रसिद्ध करू, असे त्यांनी लोकांस वचन दिले होते. पत्रके निघत राहिली. त्यांत सर्व ठीक असल्याचे लिहिलेले असे. रोगाची बातमी १९९२ मध्ये लोकांस कळली, आणि तो १९८१ पासूनच होता हे तर जानेवारी १९९६ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या डॉक्टरांच्या पुस्तकातून उघड झाले. ह्या हकिगतीची एक बाजू आपणांस धीर देणारी आहे. आजच्या गोळ्यांपैकी एकही नसताना हाडांत पसरलेला रोग घेऊन एक माणूस १४ वर्षांहून अधिक जगला आणि त्याने दोन पुऱ्या कारकिर्दी राज्य चालविले. सर्वांचे असे होते असे नाही, पण होऊ शकते. दुसरी बाजू मात्र विचार करावयास लावते. त्या ११ वर्षांच्या मौनाचे ओझे केवढे असेल! ह्याउलट २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडन ह्यांच्या कचेरीने, त्यांस हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग झाल्याचे निदान होताच जाहीर केले. रोग तोच, पण काळ बदलला आहे.

आपल्या घरांतून मात्र अजून बहुधा पहिलीच रीत चालते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे दुखण्याच्या बाबतीतही आपण खरे मानतो. मुलगा डॉक्टरांस बाहेर गाठून सांगतो, 'बाबांना काही सांगू नका.' बाबांना सर्व कळलेले असते; ते मुलाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत. आई दोघांकडे पाहून स्वयंपाकघरात डोळे पुसते. प्रेमापोटीच हे चालते, ह्यात शंका नाही. पण त्यामुळे ज्याचे शरीर, त्याचाच निर्णयात वाटा राहत नाही, आणि शेतीवाडीची, पैशाअडक्याची, मनातली म्हणून जी बोलणी व्हावयाची ती राहून जातात. शिवाय एक व्यावहारिक कारणही आहे. पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या काही रोग्यांत बीआरसीए-२ सारख्या जनुकातला बिघाड वंशपरंपरेने आलेला असतो. तो मुलांत उतरू शकतो आणि मुलींतही. मुलींस त्यामुळे स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याचा संभव वाढतो. वडिलांनी रोग लपविला तर मुलीस सावध कोण करणार? आम्ही आमच्या मुलीस आणि मुलास समोर बसवून सर्व सांगितले. त्या संध्याकाळी घरात रडारड झाली हे खरे; पण त्यानंतर आम्हांस घरात एकटे वाटले नाही.

डोळस आशेच्या आड येणारी दुसरी गोष्ट म्हणजे आंधळ्या आशेचा बाजार. 'चौथी स्टेजही मुळासकट बरी करतो,' अशा जाहिराती आपण पाहता. ह्या पुड्यांपायी घरे विकली जातात. त्याहून मोठी हानी म्हणजे संप्रेरक बंद करण्याच्या उपचाराचे हमखास गुण देणारे पहिले महिने वाया जातात. कोणी खात्री देऊ लागला की सावध व्हावे. खऱ्या डॉक्टराच्या तोंडी 'बहुधा', 'पाहू', 'इतक्यांपैकी इतक्यांना' हे शब्द असतात. ते ऐकून निराश होऊ नये.

खर्चाचा प्रश्न खोटा नाही. पण तोही दहा वर्षांपूर्वीइतका निराशाजनक राहिलेला नाही. ॲबिरॅटेरोनच्या जेनेरिक गोळ्या आपल्या देशात तयार होतात आणि मूळ किमतीच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळतात. २०१८ साली शिकागोतूनच, म्हणजे हगिन्स ह्यांच्याच विद्यापीठातून, आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली. ही गोळी अन्नाबरोबर घेतली तर शरीरात अधिक शोषली जाते. ७२ रोग्यांपैकी निम्म्यांना नेहमीप्रमाणे १००० मिलिग्रॅम उपाशीपोटी आणि निम्म्यांना केवळ २५० मिलिग्रॅम हलक्या न्याहारीबरोबर दिले, तेव्हा पीएसएवरचा परिणाम कमी पडला नाही. पाहणी लहान आहे, आणि कोणी आपल्या मनाने मात्रा बदलू नये. त्यात धोका आहे. पण पैशाअभावी औषध सोडण्याची वेळ आली असेल, तर डॉक्टरांस हे विचारण्यात संकोच कशाचा? महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्रास आणि समाजसेवकास भेटावे. २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे. हा रोग मुख्यतः उतारवयाचा असल्यामुळे ते कार्ड काढून ठेवणे शहाणपणाचे आहे.

मग ह्या साऱ्यातून आशा म्हणून हाती काय राहते? रोग जाईल, ही नव्हे. आम्ही ती आशा पहिल्याच वर्षी खाली ठेवली, आणि खाली ठेवल्यावर हात मोकळे झाले. मधुमेही माणूस मधुमेह जाईल ह्या आशेवर जगत नाही. तो साखर ताब्यात ठेवून संसार करतो. हा रोग मधुमेहाएवढा सौम्य नाही, हे आम्ही जाणतो. तरी 'बरा होणे' आणि 'मरणे' ह्या दोन टोकांच्या मध्ये एक मोठा मुलूख आहे, आणि १९४१ पासून शास्त्राने तो एकेक हात वाढवीत नेला आहे. त्या मुलखात राहणाऱ्यांस वर्तमानपत्र वाचता येते, नातवाचा पाढा चुकला तर सांगता येते, आणि जमले तर भाषणही करता येते. ह्या सात वर्षांत आमच्या धाकट्याचे लग्न झाले आणि आम्हांस नात झाली. ती आता पाच वर्षांची आहे आणि बेरीज शिकते आहे. औषधाच्या बाटलीवर ही वर्षे लिहिलेली नसतात, पण त्या बाटलीतूनच ती आली आहेत.

आपल्यापैकी बहुतेक जण, ईश्वर करो, ह्या रोगापासून दूरच राहोत. पण आपल्या आळीत, नात्यात, कचेरीत असा एखादा माणूस आज ना उद्या असणारच. त्याच्याकडे जाल तेव्हा 'काही होत नाही' असे म्हणू नका. त्यास होत असते. 'किती दिवस सांगितले?' असेही विचारू नका. इंजेक्शनाच्या दिवशी त्याच्याबरोबर रुग्णालयात जा. डॉक्टर काय म्हणाले ते कागदावर लिहून घ्या, कारण त्या खोलीत ऐकलेले निम्मे रोग्याच्या ध्यानात राहत नाही. संध्याकाळी त्याला फिरावयास बाहेर काढा. आमच्यासाठी दोन जुने विद्यार्थी हे सारे न बोलता करीत आले आहेत. आज ते ह्या सभेत कोठेतरी मागे बसले आहेत. नाव घेतलेले त्यांस आवडणार नाही.

 आता अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा असेल तर आम्ही थोडा वेळ येथेच बसतो. ज्यांस काही विचारावयाचे असेल त्यांनी विचारावे. उघड विचारणे अवघड वाटत असेल तर चिठ्ठी पाठवावी, नाव न लिहिले तरी चालेल. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. परंतु ह्या रोगाबरोबर दिवस कसा जातो, ह्या विषयावर आमच्याइतका अनुभवी माणूस ह्या गावात आपणांस सहज मिळावयाचा नाही.